हाड म्हटलं की येणारं कुत्रं

माझं तोंड फटकळ आहे, हे येरमाळ्यात मला कुणी नव्यानं सांगायला नको. सारी नोकरी आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून गेली. या भागातल्या निम्म्या लेकरांना पहिली सुई मी टोचली आहे, आणि त्यांच्या आयांना पहिली शिवीही मीच घातली आहे. एक बाळंतपण झालं की लगेच दुसऱ्याच्या तयारीनं येणाऱ्या बाईला गोड बोलून काही कळत नाही, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आताही आहे. लोक मला मान देत, पण चहाला थांबत नसत.

माझं लग्न झालं होतं, दोन वर्षं टिकलं. त्यानं मला टाकलं असं गाव म्हणतं, मी म्हणते मीच निघून आले. काही का असेना, पुढं मी आणि आई अशा दोघीच राहिलो. आई गेली त्याला आता चार वर्षं होतील. घर गावाच्या कडेला आहे, दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणाला तारेचं कुंपण. पलीकडं हायवे. दिवसभर गाड्यांचा आवाज येतो, पण माझ्या दाराशी थांबणारी गाडी एकच, गॅस सिलिंडरची.

पुण्याचा भाचा रविवारी फोन करतो. एकदा म्हणाला, "आत्या, तू एकटी राहतेस, मला घोर लागतो. इकडं तर यायचं नाहीस. एखादं कुत्रं तरी पाळ." आणि लगेच त्यानं मोबाईलवर जर्मन शेफर्डच्या पिल्लांचे फोटो पाठवले. कान उभे, अंगावर घोंगडीएवढे केस. म्हटलं, बाबा, आमच्याकडं चैत्रात माणसाच्या अंगावर कपडा सोसत नाही, ह्या जनावरानं काय पाप केलंय? त्याला विचार करून सांगते म्हणाले. पण विचार करायचं काही नव्हतं. कुत्रं पाळायचंच तर धनगराचं पाळावं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. उंच, काटक, भाकरीवर राहणारं, आणि चोर बघितला तर लांडगा आला असं समजणारं.

दिवाळी झाली, सोयाबीन निघालं की धनगर येतात. रिकाम्या रानात चार-सहा दिवस मेंढरं बसवतात. मेंढरांना चारा मिळतो, रानाला लेंडीखत मिळतं. माझ्या घराच्या मागच्या रानात दरवर्षी एकच कुटुंब उतरतं. त्यातल्या धनगरणीचं पहिलं बाळंतपण मी केलं होतं, भर पावसात, तिच्या पालात गुडघे टेकून. तेव्हापासून ती मला बाई म्हणते आणि माझ्या शिव्यांना हसते. असं माणूस माझ्या ओळखीत दुसरं नाही. त्या वर्षी तिच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती.

मी गेले तेव्हा चार पिल्लं तिच्या पायात घोटाळत होती. कुणी लुगड्याचा काठ ओढतंय, कुणी चपलेला लोंबकळतंय. पाचवं कोकरांच्या घोळक्यात झोपलं होतं. एका कोकराच्या पोटावर मान टाकून, डोळे मिटून, जगाशी काही घेणं नसल्यासारखं.

पिल्लू निवडायच्या आमच्याकडं दोन परीक्षा. मानेच्या कातड्याला धरून उचलायचं, जे कुईकुई करत नाही ते खरं. आणि नखं मोजायची, एरवी अठरा असतात, वीस भरली तर डोळे झाकून घ्यायचं. मी नोकरीत लेकरांची वजनं केली त्याच शिस्तीनं एकेकाला उचललं. चौघांनी आकाशपाताळ एक केलं. पाचव्यानं एक डोळा उघडला, मला बघितलं आणि परत मिटला. नखं मोजली तर वीस.

"हेच नेते," मी म्हणाले.

"त्ये नका नेऊ, बाई," धनगरीण म्हणाली. "त्ये मेंढरातलं हाय. ह्ये चार मानसाच्या पायात येत्यात, ह्यातलं न्या. आमी दुसऱ्याला द्यायचं तर मानसाळलेलंच देतो."

"मी तरी कुठं माणसाळलेली आहे?"

ती खूप हसली. पण हसून झाल्यावर परत म्हणाली, "म्या खरं सांगायले. तुमच्याकडं मेंढरं न्हाईत. त्येनं दिसभर करायचं काय?"

तिचं बोलणं ऐकायला हवं होतं. बाळंतिणींना मी हेच सांगत आले, माहीतगार माणूस सांगतंय ते ऐक. पण मी एकदा नखं मोजली होती, आणि माझं म्हणणं मागं घ्यायची मला सवय नाही. शिवाय खरं सांगायचं तर मला ते झोपलेलं आवडलं होतं. ज्याला माणसाची गरज नाही असं पिल्लू माझ्या घरात आलं तर कुणी कुणाचं मिंधं राहणार नव्हतं. तिनं मेंढीचं दूध बाटलीत भरून दिलं आणि दोन गोष्टी सांगितल्या, बांधून ठेवू नका आणि पोट फुटेस्तोवर खाऊ घालू नका, मोठ्या हाडाचं कुत्रं लवकर जड झालं की पाय वाकतात.

घरी आणलं आणि त्याचं सगळं शिक्षण पहिल्या दिवशीच झालं. चुलीपाशी गेलं, हाड. पाण्याच्या हंड्याला तोंड लावलं, हाड. आईच्या फोटोखालच्या चटईवर मुतलं, हाड हाड. दुपारी कोकरं आठवली असतील, दारात बसून रडायला लागलं. मग मी त्याला मांडीवर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "हाड रे मेल्या, असं रडतात का?" संध्याकाळी ताटलीत दूध-भाकरी कुस्करली आणि पुढं सरकवली, "हाड, गीळ आता."

माझ्या तोंडाला दुसरा शब्दच नव्हता. कुत्रं म्हटलं की हाड, हे आपण आईच्या दुधाबरोबर पितो. नाव ठेवायचं राहून गेलं. भाचा रविवारी विचारायचा, टायगर ठेव, सीझर ठेव. मी म्हणायची, बघू.

त्याचं मी सगळं नीट केलं, हे मात्र सांगितलं पाहिजे. जनावरांच्या दवाखान्यातून लस आणली आणि सुई स्वतः टोचली. ते हललंही नाही, तीस-पस्तीस वर्षांत असा पेशंट बघितला नव्हता. जंताचं औषध गुळातून दिलं. रोज सकाळी उन्हात बसून कानातले गोचीड काढले. भाकरी मापात, ताक दुपारी, अंडं बुधवारी आणि रविवारी. होळीपर्यंत ते एवढं वाढलं की अंगणात माझ्या शेजारी उभं राहिलं तर मला वाकावं न लागता माझा हात त्याच्या डोक्यावर पडायचा. किती वर्षांत कुणाच्या डोक्यावर हात ठेवला नव्हता, ते मला तेव्हा कळलं.

त्याचं एक वेगळेपण आधी शेजारच्या बाईनं लक्षात आणून दिलं. तिच्या पाच शेळ्या आहेत, उस्मानाबादी, काळ्याभोर. तिच्या-माझ्या अंगणात कुंपण एकच. एक दिवस कुंपणाजवळ उभी राहून म्हणाली, "बाई, एक इचारू का? तुमचं कुत्रं हाड म्हनलं की येतंय व्हय?"

"काहीतरीच काय बोलतेस?"

"बगा की." आणि ती माझ्या अंगणाकडं तोंड करून ओरडली, "हाड!" कुत्रं पेरूच्या झाडाखाली पेंगत होतं. उठलं, शेपूट हलवत कुंपणापाशी गेलं आणि तिच्याकडं आशेनं बघत उभं राहिलं.

आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "अवो, तुमी त्येचं नावच हाड ठिवलंय!" तिनं ती गोष्ट गावभर केली. दुकानात गेले की लोक विचारायचे, काय बाई, हाड कसं आहे? मला राग यायला हवा होता, पण आला नाही. जन्मभर ज्या शब्दानं मी सगळ्यांना लांब ठेवलं, त्या शब्दाला कुणीतरी धावत येत होतं. हे मी कुणाला बोलले नाही, पण घरात कुणी नसताना उगीचच एकदोनदा म्हणून बघायची.

त्याचा दुसरा गुण उन्हाळ्यात दिसायला लागला. त्याला वळायचं असायचं. मेंढरं नाहीत तर नाहीत, जे हलेल ते वळायचं. कोंबड्या गोळा करून कोपऱ्यात उभ्या करायचं. शेजारीण भाजी निवडायला माझ्याकडं येऊन बसली आणि जायला उठली की हे तिच्या पुढून जाऊन आडवं उभं राहायचं आणि खांद्यानं हळूच ढोसून तिला परत माझ्याकडं आणायचं. दात नाही, भुंकणं नाही, नुसतं ढोसणं. "सोडा की मला, सैपाक ऱ्हायलाय," ती हसत म्हणायची आणि आणखी थोडा वेळ बसायची. मी वरवर कुत्र्याला रागवायची. मनातून मला बरं वाटायचं. माझ्याकडं आलेल्या माणसाला कुणी थांबवून धरत होतं. मी तर ते कधी शिकलेच नाही.

त्याच वेळी मी त्याला आवरायला हवं होतं.

पाऊस संपत आला तेव्हाची गोष्ट. शेजारणीनं शेळ्या चरायला सोडल्या होत्या, त्यातली एक गाभण. माझं फाटक उघडं राहिलं. कुत्रं बाहेर गेलं आणि त्यानं शेळ्या वळायला घेतल्या. शेळी म्हणजे मेंढी नव्हे. मेंढी वळते, शेळी बिथरते. शेजारणीनं ते लांबून बघितलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "हाड! हाड! हाड!"

आता सांगायला नको. तिनं जितकं हाड म्हटलं तितकं ते तिच्याकडं यायला निघालं, आणि येताना शेळ्या मोकळ्या कशा सोडेल? सगळ्या पुढं घालून, डावीउजवीकडून दाबत, पळवत घेऊन आलं. ती मागं सरत ओरडतेय, ते जास्त जोरानं आणतंय. मी घरातून धावले आणि मीही तेच ओरडले. दुसरं काय ओरडणार? गाभण शेळी कुंपणाच्या तारेत अडकून पडली. बाकीच्या तिच्या अंगावरून गेल्या. कुत्रं आमच्या दोघींच्या मधोमध येऊन बसलं आणि आळीपाळीनं आमच्या तोंडाकडं बघायला लागलं. काम चोख झालं होतं, असं त्याला वाटत असावं.

दुसऱ्या दिवशी शेळी गाभडली. दोन करडं होती. मी माझ्या हातानं सोडवली, हात त्या कामाला सरावलेले होते, पण जिवंत एकही नव्हतं.  करडं पोत्यात गुंडाळताना शेजारीण म्हणाली, "बाई, जनावराला यायला हाड शिकवलंत. मंग त्येला जा कसं म्हनायचं आमी?"

मी पोतं उचलायला हात पुढं केला, तिनं ते स्वतःच उचललं.  त्या दिवसानंतर ती माझ्या अंगणात आली नाही. कुंपणापलीकडून भांड्यांचा आवाज यायचा, तिच्या नवऱ्याशी तिचं बोलणं ऐकू यायचं, आणि मी इकडं पेरूखाली एकटी भाजी निवडायची.

मग मी त्याला नव्यानं शिकवायला बसले. 'ये' म्हणून बोलवायचं, हातात भाकरीचा तुकडा. ते माझ्याकडं असं बघायचं, जणू मी कुणा तिसऱ्याशी बोलतेय. 'जा' म्हटलं तर बसायचं. भाच्यानं फोनवरून इंग्रजी शब्द शिकवले, तेही म्हणून बघितले. चार दिवस नीट जायचे, पाचव्या दिवशी दूध उतू जायचं किंवा ते ओल्या पायांनी घरात यायचं, आणि माझ्या तोंडातून परत तेच. जित्याची खोड. फाटक बंद ठेवायला लागले. मग साखळी आणली. बांधू नका म्हणून धनगरणीनं बजावलं होतं, तरी बांधलं. ते साखळीच्या लांबीएवढ्या वर्तुळात फिरत राहायचं, दिवसभर, एकाच बाजूनं. अंगणात गोल वाट पडली. गावातल्या कुणाला 'हाड कसं आहे' विचारायला आता गंमत वाटत नव्हती. दोघातिघांनी काठ्या जवळ ठेवल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. एखाद्या दिवशी साखळी सुटली आणि वाटेतल्या कुणी घाबरून हाड म्हटलं, तर ते प्रेमानं धावत जाणार आणि डोक्यात दगड खाणार. मला दुसरं काही सुचेना. मला ते हवं होतं आणि ते माझ्याजवळ जगणार नव्हतं.

दिवाळी झाली. मागच्या रानात मेंढरं बसली. वाऱ्यावर वास आला तसं ते फिरायचं थांबलं आणि साखळी ताणून उभं राहिलं. मी त्याला घेऊन गेले. कळप दिसला तेव्हा त्यानं अंग जमिनीला लावलं, सरपटत पुढं गेलं, आणि मग मेंढरांच्या मधे जाऊन आडवं झालं. एक म्हातारी मेंढी त्याला हुंगून परत चरायला लागली. वर्षभरात त्याचं अंग असं सैल पडलेलं मी बघितलं नव्हतं.

धनगरणीनं सगळं ऐकून घेतलं. मी तवाच बोलले व्हते, असं ती म्हणाली नाही, हे तिचे उपकार. एवढंच म्हणाली, "आमच्यात कुत्र्याला हाड म्हनत न्हाईत, बाई. मेंढरं त्येच्या जिवावर सोडायची आन त्येलाच हाड म्हनायचं, बरं दिसतंय व्हय? म्हनून त्येनं पैल्यांदा ऐकलं त्ये तुमच्याकडंच." मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्येला हितं."

"ठेव," मी म्हणाले आणि साखळी हातात गुंडाळून घरी आले.

सहा दिवस ते मेंढरांत राहिलं. रोज सकाळी मात्र फाटकाशी येऊन बसायचं. मी खिडकीतून बघायची, बाहेर जायची नाही. कळप निघायचा दिवस आला. शेजारच्या वाशी तालुक्यात जायचं होतं, वाट माझ्या घरावरून. घोड्यावर बिऱ्हाड लादलं होतं, मेंढरं रस्ताभर पसरली होती. कुत्रं कडेकडेनं चाललं होतं, ऐटीत. मी फाटकात उभी होते. नुसतं बघायचं ठरवलं होतं.

त्यानं मला बघितलं आणि थांबलं. मेंढरं पुढं गेली. ते रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं, एकदा तिकडं बघायचं, एकदा माझ्याकडं.

"बाई, हाकला त्येला!" धनगरीण पुढून ओरडली. "तुमी हाकलल्याबिगर त्ये यायचं न्हाय!"

आणि मी हाकललं. हात उगारून, रागानं, खरोखर जावं म्हणून, हाड म्हणाले. ते धावत आलं. माझ्या पायांवर अंग घासलं, साडीत तोंड खुपसलं. मी त्याला ढकललं, परत तेच बोलले, तोंडातून गेलंच. ते उड्या मारायला लागलं. पलीकडं शेजारीण कुंपणाशी येऊन उभी होती. ती हसली नाही.

धनगरीण परत आली, माझ्याजवळ उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "बोलू नका. आत जा, दार लावा आन काय बी बोलू नका. म्या शीळ घालून नेते."

मी आत गेले. कडी लावली. दाराला पाठ लावून खाली बसले. लगेच ते दाराशी आलं. नखांनी दार खरवडायला लागलं, मधेच थांबून फटीतून श्वास घ्यायला लागलं. तो श्वास माझ्या कमरेला लागत होता. बाहेर धनगरीण शीळ घालत होती. मी पदराचा बोळा करून तोंडात धरला. आयुष्यात मी कितीजणांना बोलून बोलून घालवलं असेल. हे एक न बोलता घालवायचं होतं, आणि इतकं जड काम मी कधी केलं नव्हतं. मला रडू येत होतं, पण रडण्याचा आवाजही त्यानं ओळखला असता.

मग खरवडणं थांबलं. श्वासही लागेना. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा लांब जात होत्या, हायवेवर ट्रक चालले होते. ते गेलं, की पायरीवर नुसतं बसून राहिलंय, हे कळायला काही मार्ग नव्हता. विचारायला माझ्याजवळ एकच शब्द होता.

तो मी तोंडातून काढला नाही. ऊन दारावरून सरून भिंतीवर गेलं तोवर तशीच बसून राहिले. मग कडी काढली. पायरीवर कुणी नव्हतं, रस्त्यावर लेंड्या पडल्या होत्या, शेजारीण आत गेली होती. सगळं ठरल्यासारखं झालं होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि मी किती तरी वेळ तिथंच उभी राहून ते वाटायची वाट बघत होते.